खरड छाटणीच्या आधी एक दिवस: रिसॉर्टच्या पाण्यात

वेलमांडव

आमची द्राक्षबाग नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात. यंदा शेवटचा माल मार्चअखेरीस गेला आणि बाग विश्रांतीला सोडली. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी लिहिते: माल उतरला की लगेच खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावरची खोल छाटणी, घेत नाहीत. १५-२० दिवस वेलीला तसंच राहू देतात. घड पोसून ती रिकामी झालेली असते, खोडात-मुळात अन्नसाठा परत भरायला वेळ लागतो. तो दिला नाही तर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे फुटीचे कोंब, मागेपुढे फुटतात.

लग्नाला २१ वर्षं झाली, तेव्हापासून दर मार्च-एप्रिलला मी 'बागेला विश्रांती' ऐकते आहे. ह्या वर्षी जेवताना सरळ म्हटलं, बागेला १५ दिवस आहेत तर आपल्याला एक तरी हवा. लग्नकार्य नको, दवाखाना नको, देवदर्शनही नको. नुसतं जायचं. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "नुसतं जाऊन करायचं काय?"

मी म्हटलं, "पाण्यात बसायचं."

रिसॉर्ट गंगापूर धरणाच्या बाजूला. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. दिवसभराचं पॅकेज होतं, नाश्ता, जेवण आणि संध्याकाळच्या चहासकट. फोनवर मी तीनच गोष्टी विचारल्या: मंगळवारी तलाव सुरू असतो का, बायकांना कपडे बदलायला नीट खोली आहे का, आणि गाणी लावता का. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा होता. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या वाढदिवसाला रविवारी एका ठिकाणी गेलो होतो. तिथे स्पीकर एवढे मोठे की तलावाच्या पाण्यावर थरथर दिसायची. एकमेकांशी ओरडून बोलून घसे बसले आणि चार तासांत सगळे दमून घरी आलो.

पाण्यात नायलॉनचेच कपडे चालतील, सुती किंवा साडी नाही, असं तिथून बजावून सांगितलं. मेन रोडला जाऊन सासूबाईंसाठी लांब बाह्यांचा, पोटरीपर्यंतचा पोशाख आणला. दोन दिवस त्यांनी ती पिशवी उघडली नाही. मी आग्रह केला नाही. मंगळवारी सकाळी बघते तर पिशवी त्यांच्या डब्याशेजारी ठेवलेली.

तलाव मोठा नव्हता. भोवती नारळ, गवताने शाकारलेल्या छत्र्या, लाकडी आरामखुर्च्या, समोर धरणाचं पाणी. पलीकडची कड दिसतच नाही, तलावाचं पाणी थेट धरणात मिसळल्यासारखं वाटतं. आमच्या ह्यांनी लगेच मागच्या बाजूला जाऊन बघितलं. ती कड पाण्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली असते, पाणी तिच्यावरून पातळ पडद्यासारखं खालच्या चरात उतरतं आणि पंपाने गाळून परत वर येतं. ठिबकच्या नळ्यांत आयुष्य गेलेला माणूस, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

पहिले दोन तास आमच्यातल्या कुणालाच बसता आलं नाही, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. हे छाटणीच्या टोळीच्या मुकादमाशी फोनवर. सासूबाईंनी सगळ्यांचे टॉवेल घड्या घालून ठेवले, मग डब्यातले शेंगदाण्याचे लाडू मोजले. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. आराम हा सवयीचा भाग आहे आणि आमच्या घरात ती सवयच नाही.

साडेदहाच्या सुमाराला सासूबाई म्हणाल्या, "चल, पाय तरी बुडवू." कठड्यावर बसल्या. मग दांडी धरून एकेक पायरी. कमरेएवढं पाणी आलं तशी त्यांनी दांडी सोडली आणि मला काही कळायच्या आत अंग मागे टाकून उताण्या झाल्या. कान पाण्यात, डोळे मिटलेले, हात दोन्हीकडे पसरलेले. अजिबात हलेनात. मी घाबरून पाठीखाली हात घातला, तर तशाच पडल्या पडल्या म्हणाल्या, "काढ हात. येतं मला."

माहेरी, निफाडकडे, वडिलांनी त्यांना विहिरीत पोहायला शिकवलं होतं. पाठीला सुका भोपळा बांधून. परकर-पोलक्यात पोहायच्या, भावांच्या बरोबरीने मुटके मारायच्या. १६ व्या वर्षी लग्न झालं आणि त्यानंतर ५६ वर्षं त्या पोहायला पाण्यात उतरल्या नाहीत. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या मुलालासुद्धा. हे खुर्चीतून उठून कठड्याशी येऊन उभे राहिले, फोन हातात तसाच, पलीकडून मुकादम हॅलो हॅलो करतोय.

दुपारी जेवून छत्रीखाली आडवे झालो. ताप नसताना ह्यांना दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. पाण्यावरची उन्हाची जाळी छत्रीच्या आतल्या बाजूला हलत होती, ती बघत मी पडून राहिले. चारनंतर परत पाण्यात. सूर्य धरणाच्या पाण्याशी आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता जाऊ." उशीर झाला म्हणून नव्हे, पोट भरल्यावर ताटावरून उठावं तसं.

आता विचारायचं ते. आम्हाला पुन्हा जायचं आहे आणि ह्या वयात त्यांनी किती वेळ पाण्यात राहावं ते कळत नाही. माझे डोळे लाल झाले होते, वासही उग्र येत होता, पाणी चांगलं होतं ना? आणि तुम्ही असा दिवस कसा घालवता तेही लिहा.

गोदाकाठ

सासूबाईंना नमस्कार सांगा. "काढ हात" वाचून थांबलो.

आम्ही पंचवटीतली पोरं गोदापात्रातल्या गांधी तलावात शिकलो. तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलंय बघायचं आणि मोठ्यांची नजर चुकवायची. पुढे रीतसर पोहणं त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावावर. तिथे फेऱ्या मोजायच्या, दम मोजायचा. त्यामुळे रिसॉर्टच्या तलावात पहिल्यांदा गेलो तेव्हाही मी फेऱ्याच मारत होतो, आणि चार हात मारले की भिंत येई. बायको म्हणाली, अहो, इथे कुठे पोचायचंय तुम्हाला? तेव्हापासून तिथे फक्त तरंगतो.

निळी फरशी

वेलमांडव ताई, तलावांची देखभाल हाच माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उग्र वास आला म्हणजे क्लोरीन जास्त आहे, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. पाण्यातलं मोकळं क्लोरीन योग्य प्रमाणात असेल, म्हणजे लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, तर वास जेमतेम येतो. घाम, तेल, लघवी ह्यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. डोळ्यांना झोंबतात ते हे, आणि वासही त्यांचाच. म्हणजे उग्र वास हा पाण्यावर माणसांचा भार जास्त झाल्याचा निरोप आहे. मंगळवारी तुम्हाला तो आला ह्याचा अर्थ शनिवार-रविवारची गर्दी धुऊन निघालेली नव्हती. गुरुवारच्या आसपास गेलात तर बहुतेक ठिकाणी पाणी अधिक चांगलं मिळेल, हा माझा अनुभव.

उतरण्याआधी एक साधी गोष्ट करा: कठड्यावर उभं राहून खोल बाजूच्या तळाची जाळी बघा. तिच्या फटी स्पष्ट दिसल्या पाहिजेत. पुसट दिसत असतील तर उतरू नका. पाणी गढूळ असेल तर तळाशी गेलेला माणूसही वरून दिसत नाही.

पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा, ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावा लागतो. तो वर गेला की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही. चांगल्या ठिकाणी रोजची नोंदवही असते, मागितली तर दाखवतात. मागत जा. कुणी विचारत नाही म्हणून काही जण ठेवत नाहीत.

आणि सगळ्यांना हात जोडून विनंती, पाण्यात उतरण्याआधी शॉवरखाली एक मिनिट नीट उभे राहा. नुसते पाय धुऊन उपयोग नाही. अर्धा त्रास तिथेच संपतो. केसही आधी साध्या पाण्याने भिजवले तर ते तलावाचं पाणी कमी शोषतात.

नायलॉनचा नियमही उगाच नाही. सुती कपड्याचे तंतू सुटून गाळणीत अडकतात आणि साबण-मातीही त्याच्यासोबत पाण्यात येते.

सातमाळा

मला हे खटकतं, आणि खटकलेलं लिहावं म्हणून लिहितेय. वेलमांडव, तुमच्या दिवसाबद्दल तक्रार नाही. पण मी सुरगाण्यात शिक्षिका होते. भातशेतीचा मुलूख, पावसाळ्यात डोंगर धुऊन निघतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याच पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. त्याच जिल्ह्यात निळ्या पाण्याचे तलाव. ह्याचं काय करायचं?

निळी फरशी

सातमाळा ताई, प्रश्न रास्त आहे, आकड्यांत बोलतो. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलाव धरा. ८६,४०० लिटर पाणी. हे एकदा भरतात आणि तेच गाळून-शुद्ध करून महिनोन्महिने वापरतात, रोज बदलत नाहीत. खरी तूट बाष्पीभवनाची. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दिवसाला पाऊण ते एक सेंटिमीटर पाणी उडतं, म्हणजे ह्या तलावातून ५०० ते ७०० लिटर. रात्री आच्छादन घातलं तर ह्यातलं पुष्कळ वाचतं. गाळणी उलटी धुतात त्याचं पाणी मोकाट सोडतात की हिशोबाने झाडांना वापरतात, हाही फरक आहे. मी ज्यांच्याकडे काम करतो त्यांना दोन्ही करायला लावतो. सगळे ऐकत नाहीत.

सातमाळा

धन्यवाद. ५०० लिटर म्हणजे तिथल्या एका घराचे कितीतरी दिवस. आकडा मला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला, तरी मन पूर्ण शांत होत नाही, आणि ते तसं असू द्यावं. पण इतकं करेन: पुढच्या वेळी कुठे गेले तर आच्छादन घालता का, हे विचारूनच बुकिंग करेन.

तांबडी माती

मी मूळची नाशिकरोडची, आता मालवणकडे, समुद्राकाठच्या हॉटेलात काम करते. ती नारळाची झाडं आणि गवताच्या छत्र्या आमच्याकडून तिकडे आल्यात, पण एक गोष्ट तुमच्याकडे आहे ती इथे नाही. कोरडी हवा.

इथे तलावातून बाहेर आलं की अंग ओलं ते ओलंच. हवेत आधीच एवढी वाफ असते की अंगावरचं पाणी उडत नाही. टॉवेल संध्याकाळपर्यंत दमट. दुपारी पाणीसुद्धा कोमट होतं. पाहुणे मग तासन्‌तास पाण्यातच पडून राहतात, कारण बाहेर येऊन गार वाटत नाही. नाशिकला एप्रिलच्या उन्हात पाण्यातून बाहेर या, वाऱ्याची झुळूक येऊ द्या, दात वाजतात. भर उन्हाळ्यात थंडी वाजण्याचं हे सुख कोकणात मिळत नाही, आणि नाशिकला आले की मी त्यासाठी पाण्यातून पुन्हा पुन्हा बाहेर येते.

आमच्याकडे येणारे नाशिककर म्हणतात, खऱ्या उष्ण कटिबंधात आलो. अहो, कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आणि नाशिक बरोबर वीसच्या आसपास. तुम्हीही उष्ण कटिबंधातच राहता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत तलावाकाठी ११ ते ४ छत्रीबाहेर पडू नका. पाण्यात असलो म्हणून ऊन लागत नाही असं नाही, पाणी अतिनील किरणांना फारसं अडवत नाही. वर फरशीवरून आणि पाण्यावरून परतणारं ऊन वेगळंच. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, पाण्यातून आल्यावर तर लावायचंच. आणि पाणी प्यायचं. पोहताना घाम येतो, फक्त तो कळत नाही.

पाऊलवाट

फिजिओथेरपिस्ट आहे. सासूबाईंबद्दल विचारलंय म्हणून.

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं निम्मं वजन पाणी उचलतं. छातीपर्यंत गेलं की सांध्यांवर तिसरा हिस्साच राहतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवर दहा मिनिटं चालवत नाही, तो छातीएवढ्या पाण्यात अर्धा तास चालतो. त्यामुळे नुसतं तरंगू नका, त्यांना थोडं चालवाही. पुढे, मागे, आडवं.

वेळेचं म्हणाल तर २०-२५ मिनिटं पाण्यात, मग बाहेर, पाणी पिऊन विसावा, मग परत. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं, म्हणून म्हातारी माणसं लवकर गारठतात. ओठ निळसर दिसायची वाट बघू नका. बाहेर येताना पायऱ्यांवर क्षणभर थांबायला सांगा, कारण पाण्याचा दाब अचानक सुटला की रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे जास्त जपा आणि जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. मधुमेह असलेल्यांनी तलावाकाठच्या फरशीवर अनवाणी चालू नये. तळपायाची संवेदना कमी झालेली असते, फरशी तापलेली कळत नाही आणि रात्री फोड दिसतात. माझ्याकडे दर उन्हाळ्यात असे पाय येतात. पाण्याच्या कडेपर्यंत चप्पल, आणि चप्पल पायरीशीच ठेवायची.

चिमणचारा

वाचतेय, फार छान चाललाय धागा. दोन मुलं आहेत, ४ आणि ७. दोघांच्या दंडांना हवेचे फुगे लावले की मी निवांत खुर्चीत बसू शकते का? हाच एक दिवस मिळतो हो.

गोदाकाठ

नाही बसू शकत. मन मोडतोय, पण नाहीच. फुगा निसटतो, फुटतो. आणि बुडणारं मूल आरडाओरडा करत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही तर ओरडणार कुठून? उभ्या अंगाने, गप्प, पाण्याच्या रेषेशी तोंड वर-खाली होतं आणि काही क्षणांत संपतं. बाजूला बसलेल्याला वाटतं खेळतोय. जीवरक्षक असला तरी त्याची नजर २० जणांवर असते. चार वर्षांचं मूल हाताच्या अंतरावर हवं.

मात्र निवांतपणा मिळवायचा मार्ग आहे. आम्ही दोन कुटुंबं मिळून जातो आणि पाळ्या लावतो. अर्धा तास एक मोठा माणूस पाण्यात, फक्त मुलांकडे बघायला, फोन नाही, गप्पा नाहीत. बाकीच्यांनी खुशाल झोपावं. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं, "आता माझ्याकडे." नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

चिमणचारा

पाळ्यांचं पटलं. जावेला आत्ताच फोन करते.

चांदवडकर

धागा सुरुवातीपासून वाचला आणि एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. वेलमांडव, तुमच्याकडे शेततळं असणारच.

रिसॉर्टचा दिवस मुलांच्या डोक्यात राहतो. घरी आल्यावर तेच निळं पाणी शेतात दिसतं. आमच्या वस्तीवर असंच झालं. मामाकडे सुट्टीला आलेला मुलगा, पोहता येणारा, १५ वर्षांचा. शेततळ्यात उतरला. पोहता येत होतं, बाहेर येता आलं नाही. तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर शेवाळ, उताराला पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नाही. माणूस काठाला लागूनही दमून जातो. काठ दोन हातांवर होता.

रिसॉर्टच्या तलावात पायऱ्या असतात, दांडी असते, उथळ बाजू असते. शेततळ्यात ह्यातलं काही नसतं. खोली एकदम, पुन्हा वरून तळ दिसत नाही. म्हणून पोहणाऱ्यालासुद्धा तिथे उतरू देऊ नका. कुंपण करा, फाटकाला कुलूप लावा. आणि चारही बाजूंनी जाड दोर, दीड-दोन फुटांवर गाठी मारलेले, वर खांबाला पक्के बांधून थेट तळापर्यंत सोडा. एखादी रिकामी ट्यूब दोरासकट काठावर ठेवा. कुणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही, ट्यूब फेकायची. आमच्याकडे त्या मुलामागे मामाही उतरला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला नव्हता, एवढंच.

सातमाळा

चांदवडकर, हे वेगळा धागा काढून लिहा. शाळांमध्ये वाचून दाखवायला मी नेईन.

पाऊलवाट

+१. सुट्ट्या लागायच्या आत लिहा.

वेलमांडव

चार दिवस इकडे यायला जमलं नाही, आज सगळं एकदम वाचलं. निळी फरशी, तुमचं बरोबर होतं. फोन करून विचारलं तर रविवारी तिथे मोठा समारंभ झाला होता. पुढच्या वेळी गुरुवार धरते आणि जाळी बघूनच उतरते. आच्छादनाचंही विचारलं, रात्री घालतात म्हणाले. पाऊलवाट, सासूबाईंना पाण्यात चालायचं सांगितलं. त्या म्हणाल्या, चालेन, पण आधी तरंगेन.

चांदवडकर, तुमचं लिहिलेलं मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई ऐकत होत्या. शेततळ्याला कुंपण आहे आमचं, पण फाटकाला नुसती तार अडकवलेली असायची आणि दोर नव्हते. काल छाटणीची टोळी आली, खरड सुरू झाली, तरी ह्यांनी दोन माणसं त्यातून काढली. संध्याकाळपर्यंत सहा दोर सोडले. गाठी सासूबाईंनी मारल्या, अंगणात बसून. विहिरीवर त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या दोराच्या गाठी कशा होत्या ते त्यांच्या हातांना आठवत होतं. कुलूप आणलंय, किल्ली देवघरात ठेवलीय.

गुरुवारचं बुकिंग पुढच्या मार्चमध्ये, माल गेला की. ह्या वेळी नणंदही येते म्हणतेय.